ग्रहाची कक्षा विद्यार्थ्यांकडून कशी काढून घ्यावी: पायथन आणि लाटेक

आधी एकके ठरवा. मीटर-सेकंदात दहाचे एवढे मोठे घात येतात की चूक कुठे झाली ते दिसतच नाही. अंतर खगोलीय एककात (म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर १) आणि काळ वर्षांत घ्या. मग गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचे वस्तुमान हा गुणाकार ४ × पायचा (π) वर्ग, म्हणजे सुमारे ३९.४८ होतो. सूर्य मूळबिंदूवर धरा. ग्रहाचे स्थान सुरुवातीला क्ष १ आणि य ०. वेग फक्त य दिशेने, २ × पाय, म्हणजे ६.२८३.

काळाची पायरी ०.०१ वर्ष ठेवून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लूप (तीच गणना पुन्हा पुन्हा करणारा भाग) लिहायला सांगा: सूर्यापासूनचे अंतर, त्यावरून त्वरण, मग नवे स्थान, शेवटी नवा वेग. हा क्रम मुद्दाम चुकीचा आहे. जुना वेग ग्रहाला स्पर्शिकेवरून नेतो, दर पायरीला तो थोडा बाहेर पडतो, ऊर्जा वाढत जाते आणि कक्षा गोगलगायीच्या शंखासारखी उलगडते. हे त्यांना पाहू द्या. मग लूपमधल्या शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा: आधी वेग, नंतर त्या नव्या वेगाने स्थान. कक्षा बंद होते.

आलेखात दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे ठेवा, नाहीतर वर्तुळही लंबवर्तुळ दिसेल. घातासाठी पायथनमध्ये दोन फुल्या (**) लागतात. टोपीचे चिन्ह (^) चालत नाही.

सर्वांत फसवी चूक त्वरणाच्या सूत्रात असते. क्ष घटकासाठी उणे ३९.४८ गुणिले क्ष भागिले अंतराचा घन हवा; बरेच जण वर्ग लिहितात. वर्तुळाकार कक्षेत अंतर १ च्या आसपासच राहते, म्हणून वर्ग आणि घन जवळपास सारखेच, आणि चूक लपते. म्हणून सुरुवातीचा वेग ५ करून बघाच. सूत्र चुकले असेल तर फुलाच्या पाकळ्यांसारखी, कधीच न मिटणारी कक्षा येते.

सूत्र बरोबर असेल तर काळाची पायरी ०.००१ करून मोजमाप घ्या. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतराची सरासरी म्हणजे अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब अक्षाचा अर्धा भाग), सुमारे ०.७३२. य उणेवरून अधिक होतो तेव्हा एक फेरी पूर्ण: सुमारे ०.६२६ वर्ष. कालावधीचा वर्ग भागिले अक्षाचा घन १ च्या जवळ यायला हवा. वेग ५.५, ६ आणि ७ घेऊनही तपासा. ८.८९ च्या वर ग्रह परतत नाही.

अहवाल लाटेक या मजकूर आणि सूत्रे मांडण्याच्या प्रणालीत घ्या. मराठी मजकुरासाठी तिचा झीलाटेक हा प्रकार वापरा आणि फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे नोंदवा. ते राहिले की जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. चलराशी तिरप्या, एकके सरळ अक्षरांत. आलेख पीडीएफ म्हणून साठवा, म्हणजे मोठा केल्यावर रेषा फाटत नाहीत.