क्लिक अभिक्रिया अर्ध्यावर अडकली तेव्हा

या क्लिक अभिक्रियेत तांब्याच्या उत्प्रेरणाने अल्काइन आणि अझाइड जोडून ट्रायअझोल बनतं. प्रमाण असं: टर्मिनल अल्काइन (टोकाला तिहेरी बंध असलेलं) 1 मिलिमोल, अझाइड 1.05 मिलिमोल, कॉपर सल्फेट 5 मोल टक्के, तांब्याला एकसंयुजी करणारं सोडियम अॅस्कॉर्बेट 10 मोल टक्के. द्रावक टर्शरी-ब्युटेनॉल आणि पाणी 1:1. मिश्रण निळसर-हिरवंच राहिलं आणि टीएलसीवर (पातळ थर क्रोमॅटोग्राफी) डायाइनचा, म्हणजे दोन अल्काइन एकमेकांना जोडून बनलेल्या संयुगाचा, डाग दिसला. हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकसंयुजी तांबं द्विसंयुजी होत होतं आणि ग्लेझर जोडणी (अल्काइन-अल्काइन जोडणी) सुरू झाली होती.

द्रावकातून 15 मिनिटं नायट्रोजन सोडला, अॅस्कॉर्बेट ताजं विरघळवून 20 मोल टक्के केलं. क्रम फार महत्त्वाचा: कॉपर सल्फेट आणि टीएचपीटीए (एकसंयुजी तांब्याला स्थिर ठेवणारा लिगंड) आधी एकत्र, अॅस्कॉर्बेट सर्वांत शेवटी. निळा रंग गेला, अभिक्रिया पूर्ण झाली.

तयार झालेलं ट्रायअझोल तांबं धरून ठेवतं, म्हणून ईडीटीएने (धातू बांधून काढणाऱ्या संयुगाने) धुवा. अझाइड त्याच फ्लास्कमध्ये सोडियम अझाइडपासून बनवत असाल, तर डायक्लोरोमिथेन अजिबात वापरू नका: स्फोटक डायअझाइडोमिथेन तयार होऊ शकतं.