खात्यातून पैसे गेले? घाईत आणि उशिरात होणाऱ्या या चुका टाळा

कापसाचा चुकारा, सोयाबीनचे पैसे, पीक विमा. गावातला वर्षभराचा मोठा पैसा बहुतेक घरांत एकाच खात्यात येतो, आणि ते खातं मोबाईलला जोडलेलं असतं. पैसे गेल्याचा मेसेज संध्याकाळी दिसला की घरात ठरतं, "सकाळी तालुक्याला जाऊन बँकेत विचारू." नुकसान पक्कं होतं ते याच रात्रीत. चोरलेली रक्कम पहिल्या खात्यात थांबत नाही. तिचे तुकडे होतात, ते भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या खात्यांत फिरतात आणि एटीएममधून निघतात. रक्कम अडवता येते ती फक्त खात्यात असेपर्यंत.

म्हणून पहिला फोन १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर. शेतात रेंज नसेल तर रेंज मिळेल तिथवर जा, पण तो फोन आधी. लाईन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर थेट तक्रार भरा. फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: बँक, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो आणि ॲपच्या हिस्ट्रीत व्यवहार उघडला की दिसतो. हाच क्रमांक सांगता आला नाही की माग काढायला वेळ जातो. फोन झाला म्हणजे काम संपलं, हा पुढचा गैरसमज. तक्रार क्रमांकाचा मेसेज येतो; त्यानंतर २४ तासांत पोर्टलवर पूर्ण माहिती भरावी लागते. स्वतःला जमत नसेल तर सेतू केंद्रावर भरून घ्या, पण ओटीपी आणि पिन तिथेही सांगू नका.

लगेच बँकेला कळवा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले खोटे नंबरही सापडतात. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा. शाखा उघडली की लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली तर ग्राहकावर भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात केली तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५,००० रुपयांपर्यंतचा भार पडू शकतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर तक्रारीपर्यंतचं नुकसान तुमचं. तक्रारीनंतर गेलेली रक्कम मात्र बँकेची जबाबदारी. त्यामुळे "आपणच ओटीपी दिला, आता कुणाला सांगायचं" म्हणून गप्प बसू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एपीके फाईलमध्ये, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाईलमध्ये. गावाच्या ग्रुपवर "पीएम किसान यादी" किंवा "आरटीओ चलन" नावाची फाईल येते. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. इन्स्टॉल करताना ती मेसेज वाचायची परवानगी मागते, नंतर आयकॉन गायब होतो आणि पाठीमागे प्रत्येक ओटीपी चोराकडे जात राहतो. अशा वेळी त्याच फोनवरून पासवर्ड बदलणं ही मोठी चूक. नवा ओटीपीही त्यालाच मिळतो. आधी डेटा आणि वायफाय बंद करा, सिम काढून बटणाच्या साध्या फोनमध्ये टाका, आणि जीमेल व बँकेचे पासवर्ड घरातल्या दुसऱ्या चांगल्या फोनवरून बदला. मग बिघडलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्या ॲपची परवानगी काढा, तेव्हाच ते अनइन्स्टॉल होतं. तरीही हटत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून काढा. शेवटी फॅक्टरी रिसेट, पण त्याआधी मेसेज, फाईल आणि नंबर यांचे फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. घाबरून सगळं डिलीट केलं तर पुरावाच उरत नाही.

व्हॉट्सॲप गेलं असेल तर स्वतःच्या नंबरने पुन्हा लॉगिन करा. मेसेजने आलेला सहा अंकी कोड टाकला की चोर बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, तरी त्या काळात तोही आत नसतो. खातं परत मिळालं की लिंक्ड डिव्हाइसेस तपासा, स्वतःचा पिन लावा आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग काढा, कारण कोड फोन कॉलवरही येतो. नातेवाइकांना मात्र लगेच साध्या फोनने सांगा, नाहीतर तुमच्या नावाने पैसे मागितले जातात.

फोन हातात नसतानाही आई-बाबांच्या खात्यातून पैसे गेले, तर अंगठ्याच्या, म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा वापरून केलेल्या व्यवहाराचा संशय घ्या. त्याला ओटीपी लागत नाही, म्हणून एटीएमचा पिन बदलून उपयोग नाही. एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा; रेशन किंवा ई-केवायसीच्या वेळी ते तात्पुरतं उघडता येतं. बँकमित्राकडे "फेल झालं, पुन्हा अंगठा लावा" असं ऐकलं, तर खात्यातली शिल्लक पाहिल्याशिवाय दुसरा अंगठा लावू नका, आणि फेल झाल्याचीही पावती मागा.

रेंज अचानक गेली तर टॉवर बंद असेल म्हणून सोडून देऊ नका. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज असेल तर तुमच्या नावाने दुसरं सिम निघालं असू शकतं. कंपनीला लगेच विचारा.

रक्कम अडली तरी ती आपोआप परत येईलच असं धरू नका. अनेकदा त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. तक्रार क्रमांक, बँकेची पोच आणि खातेउतारा घेऊन पोलीस ठाण्यात पाठपुरावा करा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. आणि या काळात "१९३० मधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो" असा फोन आला तर तो दुसरा फसवणारा आहे. तक्रारीला एक रुपयाही लागत नाही. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.