लिथोग्राफी: जोर नेमका कुठे द्यायचा?

आपल्याकडे ‘लिथोग्राफी’ (दगडावरून छापण्याची पद्धत) हा शब्द चारही अक्षरांवर सारखाच भार देऊन म्हणतात. इंग्रजीत मात्र या शब्दाचे चार सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) ‘लि-थॉग-र-फी’ असे पडतात आणि आघात दुसऱ्यावर, म्हणजे ‘थॉ’वर येतो. तिथे ‘ओ’ नाही, उघडा ‘ऑ’. पुढचा ‘ग्रा’ तर इतका आखडतो की ‘ग्र’ एवढाच उरतो. लांब ‘ग्रा’ म्हटला की आघात आपोआप तिकडे सरकतो आणि सगळा शब्द बिघडतो.

घटक दोनच, दोन्ही ग्रीक: ‘लिथोस’ म्हणजे दगड, ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणे. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढून छापायचे, म्हणून ‘शिलामुद्रण’ हा मराठी शब्द अगदी चपखल. गोंधळ होतो तो जोडावर. अर्थाने तोडले तर लिथो+ग्राफी, उच्चाराने तोडले तर ‘ग’ मागच्या सिलॅबलला चिकटतो.

आघात शब्दरूपानुसार हलतो: छापलेले चित्र ते ‘लिथग्राफ’, जोर ‘लि’वर. विशेषण ‘लिथग्रॅफिक’, जोर ‘ग्रॅ’वर. ‘इक’ शेवटी आला की आघात बहुधा त्याच्या लगेच आधी. ‘ग्राफी’च्या आधीच्या सिलॅबलवर जोर, ही खूण फोटोग्राफी, कॅलिग्राफी, टायपोग्राफी यांनाही लागू पडते.