कमी हस्तक्षेपाची फळबाग: या चुका टाळा

सासवड, दिवे, नारायणपूर या पट्ट्यात पुण्याहून येऊन सीताफळ-अंजिराची बाग घेणारे आता बरेच झालेत. चांगलंच आहे. पण ‘नैसर्गिक करायचंय, म्हणजे बागेला हात लावायचा नाही’ असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा सुटलेल्या बागा मी वाळताना बघितल्यात.

पहिली चूक, जुन्या बागेची छाटणी एकदम बंद करणं. नैसर्गिक शेतीवाले जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका, त्यांचा दाखला जो तो देतो. त्याच फुकुओकांनी वडिलांच्या संत्रावर्गीय बागेतली, आधी छाटत आणलेली झाडं मोकळी सोडली, तेव्हा फांद्यांत फांद्या अडकल्या, किडी पडल्या आणि झाडं गेली. हे त्यांनीच सांगून ठेवलंय. अंजिराला तर फळ नव्या फुटीवर धरतं. छाटलं नाही तर फूट कमी, आत वारा नाही आणि पावसाळ्यात पानांच्या मागून तांबेरा (बुरशीचा रोग) चढतो. मी अंजिराचे शेंडे मारतो आणि वाळलेली, आत वळलेली, दुसरीला घासणारी फांदी तेवढी काढतो. अजिबात न छाटता वाढवायची हौस असेल तर नवी रोपं लावा, जुन्या झाडांवर प्रयोग नको.

दुसरी चूक मला जास्त छळते: पांढरं दिसलं की मिलीबग (झाडाचा रस शोषणारी, पांढरी पिठासारखी कीड) समजून फवारा. माझ्या भाच्याची सीताफळाची बाग आहे. श्रावणात त्याचा फोन आला, “मामा, मिलीबग बेसुमार झालाय, आजच मारतो.” म्हटलं, रविवारी येतोय, तोवर थांब. तो थांबला नाही. साबण आणि निमार्क (कडुनिंबाचा अर्क) एकत्र करून दोन दिवसांत दोनदा धुऊन काढली झाडं. मी गेलो तेव्हा झाडाखाली पांढऱ्या, लोकरीसारख्या मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. एक तळहातावर उलटी केली: सहा पाय, अंगावर लांब, वेडेवाकडे मेणाचे धागे. क्रिप्टोलीमस, म्हणजे मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी. ज्यांनी फुकट राखण केली असती, तेच आधी मेले. फळांच्या डोळ्यांमधल्या खाचांत दडलेला मिलीबग मात्र बराचसा तसाच राहिला. पंधरा दिवसांत तो परत वाढला, चिकट स्रावावर काळी बुरशी धरली आणि मार्केट यार्डात त्या मालाला कुणी हात लावेना. पोरगा रडवेला झाला होता. मलाही फार वाईट वाटलं, कारण चार दिवस दम धरला असता तर निम्मं काम त्या अळ्यांनीच केलं असतं.

ओळखायचं कसं? काडीने डिवचा. मिलीबग जागेवरच बसतो, फार तर सावकाश सरकतो. ढालकिड्याची अळी मोठी असते आणि लगबगीने चालू लागते. मी खिशात भिंग ठेवतो आणि रोज सकाळी एक तरी ओळ फिरतो. मिलीबग दिसला तर पहिल्यांदा मुंग्या बघतो. गोड स्रावासाठी त्या मिलीबगला जपतात, शत्रूंना हाकलतात. खोडाला फूटभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावतो (सालीवर थेट लावू नका) आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या, खोडाला भिडलेलं गवत काढतो, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. पट्टीवर धूळ बसली की ग्रीस नवं.

अर्धवट कुजलेलं शेणखत घालू नका, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. खत बोटांत चुरलं की मातीचा वास यायला हवा.

दर आठ दिवसांनी जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवलेलं पाणी) ओतून झाड घाईने मोठं होत नाही. सीताफळाचं कलम फळावर यायला तीन-चार वर्षं घेतं, ती द्यावी लागतात.

ड्रिपर (ठिबकची थेंब सोडणारी तोटी) बुंध्याशी ठेवणं तर सगळीकडे दिसतं. मे महिन्यात भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, तिथे जरा माती उकरून बघा, पांढरी मुळी तिथे सापडेल. पाणी तिथे द्या. आच्छादनही तिथवर पसरा, पण बुंध्यापासून वीतभर जागा उघडी ठेवा. ओला पालापाचोळा खोडाला चिकटून राहिला की साल कुजते, आणि ते वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.