खुब्याचा सांधा बदलल्यानंतर वेदनाशामक गोळ्या घेताना या चुका टाळा

खुब्याचा सांधा बदलून रुग्ण घरी येतो, तेव्हा भुलेचा आणि इंजेक्शनांचा अंमल ओसरलेला असतो आणि गोळ्यांचा हिशेब घरच्यांकडे येतो. पहिली चूक ‘सहन होईल तोवर गोळी नको’ असे म्हणण्याची. एकदा चढलेली कळ उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात व्यायाम बुडतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत लिहून दिलेली गोळी घड्याळ पाहून घ्यावी आणि फिजिओथेरपीच्या अर्धा-पाऊण तास आधी एक मात्रा येईल, असे वेळापत्रक डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावे.

याहून घातक चूक पॅरासिटामॉलच्या बाबतीत होते, कारण ते अनेक गोळ्यांत दडलेले असते. समजा, ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. ट्रामाडॉल किंवा असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधे) बहुधा आणखी ३२५ मिलिग्रॅम असते. या दोन्ही जोडगोळ्या दोन-दोनदा घेतल्या आणि सर्दीसाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असलेली गोळीही दोनदा घेतली, तर बेरीज ४२५० होते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम असून वृद्ध, कृश किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात. ब्रँडच्या नावावर विसंबू नये, पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत.

घरात पडून असलेली गुडघेदुखीची गोळी तर मुळीच देऊ नये. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधाबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

ट्रामाडॉलने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठता होते. बद्धकोष्ठतेचा विषय संकोचाने टाळला जातो, पण कुंथत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासूनच पुरेसे पाणी आणि डॉक्टरांनी सुचवलेले रेचक घ्यावे. रात्री गोळीच्या गुंगीत एकट्याने संडासला जाणे म्हणजे नवा सांधा निखळण्याचा धोका ओढवून घेणे. नैराश्यावरील औषध चालू असल्यास ते आधीच सांगावे. ते आणि ट्रामाडॉल यांच्या संयोगाने आकडीचे झटके येऊ शकतात. काही आठवडे घेतलेले ट्रामाडॉल एकाएकी बंद करू नये.

अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा जखमेतून स्राव येऊन ताप आला, तर गोळी वाढवून पाहत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. ताप मोजताना मात्र पॅरासिटामॉल केव्हा घेतले होते हे ध्यानात ठेवावे, कारण ते खरा ताप झाकून टाकते.