पहिला कॅमेरा आणि सोलापूरचं ऊन

"दादा, पन्नास हजारात कुठला कॅमेरा घेऊ?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: काढणार काय? घरचे वाढदिवस, अक्कलकोटची वारी, स्टेटसला टाकायला सिद्धेश्वर तलावाचा सूर्यास्त, एवढंच असेल तर पैसे खिशात ठेवा. मोबाइल पुरतो. तो हात टेकतो ते लांबचं, अंधारातलं किंवा पळणारं काही आलं की. आणि हे सगळं सोलापुरात घरापासून तासाभराच्या आत मिळतं: नान्नजच्या माळावर काळवीट, पूर्व भागात यंत्रमागाच्या शेड, कंबर तलावावर पक्षी. यातलं काय खुणावतं ते ठरलं की कॅमेरा निवडणं निम्मं सोपं होतं.

डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) की मिररलेस (बिनआरशाचा नवा), यावर रात्रभर वाद घालता येतो. कंपन्यांनी आपला कौल कधीच दिलाय. निकॉनचा डी३५०० बंद झाला, नवे कॅमेरे आणि नव्या लेन्सा सगळ्या मिररलेसकडे चालल्यात. नवाकोराच घ्यायचा आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर कॅनन आर५० किंवा निकॉन झेड५० च्या वर्गातला घ्या. माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरायचं काम ते स्वतः करतात. आर१०० स्वस्तात येतो, पण त्याची स्क्रीन टच नाही आणि वळतही नाही. मोबाइलवर बोट टेकवायची सवय लागलेल्याची चिडचिड होते.

बजेट ताणत नसेल तर वापरलेला डीएसएलआर घ्यायला लाजू नका. कॅनन १५००डी काय किंवा डी३५०० काय, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. भिंतीवर लावायच्या प्रिंटला त्याहून जास्त लागत नाही. १५००डी स्क्रीनवर बघून फोकस करताना रेंगाळतो, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात तर चटकन धरतो. वाचलेल्या पैशात दुसरी लेन्स येते, आणि माझ्या मते खरा फरक तिथंच पडतो. बरोबर आलेल्या १८-५५ एमएम लेन्सला जोडी म्हणून माळावर जाणाऱ्यानं ५५-२५० घ्यावी (एमएमचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), शेडमध्ये आणि माणसांत रमणाऱ्यानं ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो). निकॉनवाल्यांनी एक बघायचं. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी 'डी' प्रकारची ५० स्वस्तात मिळते खरी, पण या बॉडीवर ती हातानंच फोकस करावी लागते. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं हवं, एएफ-पी फक्त नव्या बॉडीवर चालते.

वापरलेला कॅमेरा दिवसाउजेडी बघायला जा. एफ १६ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, सेन्सरवरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावरची, धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी उठून या. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा उघडलं तो आकडा असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो असा सहज सापडत नाही. तिथं विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा बटणांची झीज जास्त खरं बोलते. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतात का ते बघा. हे चाक न फिरवता "फोकसच लागत नाही" म्हणणारे मी बरेच बघितलेत.

कॅमेरा हातात आल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण मॅन्युअलवर जायचं खूळ डोक्यात घेऊ नका. अ‍ॅपर्चर मोड, म्हणजे निकॉनवर ए आणि कॅननवर एव्ही, ठेवा; त्यात एफचा आकडा आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ऑटो, वरची मर्यादा ३२००. मग एकच गोष्ट शिका: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ (प्लस) किंवा गडद (मायनस) करणं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. हे समजून घ्यायला जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्यासारखी दुसरी शाळा नाही. सात नंदीध्वज संमती कट्ट्याकडे निघतात आणि फ्रेममध्ये जिकडं बघावं तिकडं पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा. मीटर बिचकतो, फोटो काळपट करतो, आणि पांढरंशुभ्र कापड मळकं दिसतं. प्लस ०.७ ते १ द्या, कापड उजळतं. पण ऊन कडक असतं, म्हणून स्क्रीनवर जास्त उजेडाची सूचना लुकलुकते ती चालू ठेवा. बाराबंदीच्या चुण्या जिथं लुकलुकायला लागतील तिथून एक पायरी मागं या. नान्नजच्या काळ्याभोर नर काळविटाला नेमकं उलटं, मायनस. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली असेल तर थोडी चूक नंतर सावरता येते, पूर्ण जळालेलं पांढरं येत नाही.

सगळ्यात जास्त शिकवतो तो माग. शेडमध्ये शिरल्यावर आधी कॅमेरा काढायचा नाही. खडखडाटात ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारायचं, "अण्णा, दोन फोटो काढू का?" "काढ की, पण धोट्याला हात लावू नको." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारा तुकडा. मग दाराशी उभं राहून उजेड कुठून येतोय ते बघायचं. बहुतेक शेडमध्ये एक खिडकी आणि वर ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० सेकंद ठेवलंत तर एक फोटो पिवळा, दुसरा हिरवट, कधी आडवे पट्टे. म्हणून १/१०० किंवा १/५०, आणि आयएसओ १६०० च्या पुढं जायला भ्यायचं नाही. मग मजा करायची: शटर मोड (शटरचा वेग आपण ठरवायचा), १/१५ सेकंद, पाठ खांबाला टेकवलेली, श्वास रोखलेला. अण्णा तुटलेला धागा शोधत मान वाकवून स्थिर उभे, आणि त्यांच्यासमोर धोटा नुसती एक पांढरी रेघ. दहातला एखादा जमतो. त्याची प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेऊन द्या, मग शेजारच्या शेडमधून स्वतःहून बोलावणं येतं. शेडमध्ये लेन्स मात्र बदलू नका, हवेत कापसाचं तूस तरंगत असतं आणि ते थेट सेन्सरवर बसतं.

नान्नजला जायचं तर वन विभागाची परवानगी आणि पहाटेची वेळ. माळढोकाची आशा धरून जाऊ नका, काळवीट बघायला जा. २५० एमएमवर शटर १/५०० च्या खाली नको. उन्हाळ्यात ऊन चढलं की लांबचे फोटो पुसट यायला लागतात आणि माणूस लेन्सला शिव्या देतो. दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि लांबच्या लेन्समधून ती थरथर मोठी होऊन दिसते. लाखाची लेन्सही तिथं तेच करेल. अशा वेळी जवळ जायला मिळत नसेल तर कॅमेरा बॅगेत घाला आणि चहा घ्या.

बॅग आणि कार्ड यांवर फार डोकं शिणवू नका. नावाजलेल्या कंपनीची ३२ किंवा ६४ जीबीची दोन कार्डं बिल घेऊन घ्या, एकच मोठं नको. फिल्टरपेक्षा लेन्सहूड आधी, तो उन्हाचा चकाकाही अडवतो आणि आपटण्यापासूनही वाचवतो. पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या बॅगेत कोंडू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत टाकून जेवायला बसू नका.