ओळखीच्या माणसावर कथा लिहिताय? मग आधी हे करा

सगळ्यात आधी त्या माणसाच्या खऱ्या खुणा एका कागदावर उतरवून काढा. मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांवर लिहायला घेतलं तेव्हा नाव बदललं, बिल्डिंग पुण्यातनं उचलून नाशिकला नेली आणि खूश झालो, पण कथेतला माणूस हिरव्या पेननेच नोटीस लिहीत होता, जुन्या मोज्याने स्कूटर पुसत होता आणि वर मी त्याला मेंटेनन्सचे पैसे खायला लावले होते. बायको दोन पानं वाचून म्हणाली, "हे आपले काकाच की, पण त्यांनी पैसे कधी खाल्ले?"

खरी गोची हीच, खुणा खऱ्या आणि पाप खोटं. नाव नसलं तरी ओळखणाऱ्यांनी ओळखलं की बदनामीची केस होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. भरपाईचा दिवाणी दावा वेगळाच.

'पात्रं काल्पनिक आहेत' ही पाटी लावून मोकळं होता येत नाही. ती पाटी रूढ झाली तीच एका केसमुळे. एमजीएम या हॉलिवूड कंपनीच्या १९३२ च्या, रशियन झारच्या दरबारातला साधू रासपुतिन याच्यावरच्या सिनेमात एका राजकन्येवर रासपुतिन अत्याचार करतो असं सुचवलं होतं, पात्राचं नाव नताशा, तरी 'ही मीच' म्हणत इरिना युसुपोव्ह ही खरी रशियन राजकन्या लंडनच्या कोर्टात गेली आणि १९३४ मध्ये २५,००० पौंड मिळवले.

मग खुणांच्या कागदावर काट मारत जा. वय, धंदा, घरची माणसं, लकबी, जमलं तर बाईचा पुरुष नाहीतर उलट, आणि दोन-तीन माणसं एकात कालवा. पाप जेवढं मोठं तेवढ्या खुणा कमी.

"पण खरंच घडलंय!" असं असेल तर कागदपत्रं जवळ ठेवा, कारण सिद्ध तुम्हालाच करावं लागतं, आणि फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचंही लागतं. कुणाचं आजारपण, संसारातली भांडणं यांना तर हातच लावू नका, तिथे प्रायव्हसीचा प्रश्न येतो. माणूस वारलाय म्हणूनही बिनधास्त होऊ नका, घरच्यांना दुखवायच्या हेतूने लिहिलं तर तीही बदनामीच. आणि शंका राहिलीच तर छापायच्या आधी वकिलाला दाखवा, नंतर नाही.

माझे काका शेवटी भिशी चालवणारी बाई झाले. हिरवं पेन गेलं, मोजा गेला. दिवाळी अंक आला तेव्हा काकांनी कथा वाचली आणि जिन्यात थांबवून म्हणाले, "अगदी अशीच एक बाई आमच्या ऑफिसात होती हो!"